जुन्या कॅम्पर व्हॅनच्या गंजलेल्या पत्र्याची घरगुती दुरुस्ती : एक विवेचन

सारांश

जुन्या कॅम्पर व्हॅनचा गंजलेला पत्रा घरच्या घरी दुरुस्त करण्याचा छंद ब्रिटन, जर्मनी व इतर पाश्चात्त्य देशांत मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो. प्रस्तुत लेखात फोक्सवॅगन कंपनीच्या 'टाइप २' या वाहनाच्या दुसऱ्या पिढीचे उदाहरण घेऊन गंजण्यामागील विज्ञान, वाहनाची रचना, परीक्षणाची पद्धत आणि दुरुस्तीचे टप्पे यांचे विवेचन केले आहे. या वाहनाचा पत्रा हाच त्याचा सांगाडा असल्याने गंजाची दुरुस्ती हा केवळ सौंदर्याचा विषय नसून प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विषय आहे, आणि दृश्य गंजापेक्षा अदृश्य ओलाव्याचा बंदोबस्त अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : गंज, विद्युत-रासायनिक क्षरण, कॅम्पर व्हॅन, पत्राकाम, वेल्डिंग, वारसा-जतन

१. प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिन, वेग आणि किंमत यांची चर्चा विपुल आढळते. पत्र्याची चर्चा त्या मानाने अल्प असते. वस्तुतः एखादी जुनी गाडी रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे बहुधा पत्राच ठरवितो. इंजिन उतरवून त्या जागी दुसरे बसविता येते, चाके व ब्रेक बदलता येतात. परंतु ज्या सांगाड्याला हे सर्व भाग जोडलेले असतात तोच कुजला, तर बाकीचे भाग कितीही सुस्थितीत असले तरी त्यांचा उपयोग उरत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची 'टाइप २' व्हॅन होय. डच आयातदार बेन पोन यांनी एप्रिल १९४७ मध्ये आपल्या टिपणवहीत अशा वाहनाचे एक साधे रेखाचित्र काढले. त्यातूनच पुढे या व्हॅनची कल्पना आकारास आली आणि मार्च १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले. १९५६ पासून हे उत्पादन हॅनोव्हर येथील स्वतंत्र कारखान्यात होऊ लागले. जर्मनीतील वेस्टफालिया आणि ब्रिटनमधील डेव्हन, डॉर्मोबिल, डॅनबरी इत्यादी व्यवसायांनी या मालवाहू व्हॅनमध्ये पलंग, ओटा, शेगडी व उचलता येणारे छत बसवून तिचे फिरत्या घरात रूपांतर केले. समोरच्या एकसंध वक्र काचेमुळे 'बे विंडो' या नावाने ओळखली जाणारी दुसरी पिढी हॅनोव्हर येथे १९६७ ते १९७९ या काळात तयार झाली. ब्राझीलमध्ये या वाहनाचे उत्पादन २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होते.

महाराष्ट्र व गोवा येथील वाचकांना हे वाहन सर्वस्वी अपरिचित नाही. १९६० व १९७० च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल या खुष्कीच्या मार्गाने भारतात येणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांपैकी अनेकांनी अशाच व्हॅनमधून प्रवास केला आणि त्यांतील काही गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे हा मार्ग खंडित झाला. त्या पिढीतील वाहने आज साडेचार ते सहा दशकांची झाली आहेत, आणि त्यांच्यापुढील सर्वांत मोठे संकट गंजाचे आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) लोखंडी पत्रा का व कोठे गंजतो, याची शास्त्रीय मीमांसा करणे.
(२) गंजाची तीव्रता व त्या भागाचे रचनात्मक महत्त्व यांच्या आधारे दुरुस्तीचा निर्णय कसा घ्यावा, हे स्पष्ट करणे.
(३) घरगुती दुरुस्तीचे टप्पे, त्यांतील धोके व मर्यादा यांचा परिचय करून देणे.
(४) दुरुस्ती आणि जतन यांमधील नात्याचा विचार मांडणे.

३. गंजण्याची प्रक्रिया

लोखंड निसर्गात बहुधा ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे खनिजरूपात आढळते. भट्टीत ऊर्जा खर्च करून आपण त्याचे धातूत रूपांतर करतो. गंजणे म्हणजे धातूने पुन्हा आपल्या मूळ अवस्थेकडे परतणे होय. या परतीसाठी पाणी आणि ऑक्सिजन या दोहोंची आवश्यकता असते. पत्र्यावर पाण्याचा सूक्ष्म थर जमला की एकाच पत्र्याच्या दोन भागांत एक लहानसा विद्युतघट तयार होतो. एका भागातील लोह इलेक्ट्रॉन गमावून आयनांच्या रूपात पाण्यात उतरते. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या भागाकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड आयन तयार करतात. या दोहोंच्या संयोगातून, पुढील ऑक्सिडीकरणानंतर, आपल्याला परिचित असलेला तांबूस गंज निर्माण होतो.

या संदर्भात केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांचे कार्य मूलगामी मानले जाते. लोखंडावर ठेवलेल्या खारट पाण्याच्या एका थेंबाच्या निरीक्षणातून त्यांनी एक महत्त्वाचा सिद्धान्त स्पष्ट केला. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन मुबलक पोहोचतो, तर मध्यभागी तो कमी पडतो. तथापि लोखंड झिजते ते मध्यभागी. म्हणजेच जेथे ऑक्सिजन कमी, तेथे क्षरण अधिक. वरवर विपरीत भासणाऱ्या या निष्कर्षातच गाड्यांच्या गंजाचे मर्म दडलेले आहे. उघड्या सपाट पत्र्यापेक्षा दोन पत्र्यांमधील फट, सांध्याखालील पोकळी किंवा चिखलाने झाकलेला कोपरा अधिक वेगाने का कुजतो, याचे उत्तर या सिद्धान्तातून मिळते.

आणखी दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली मिठासंबंधीची. ब्रिटन व जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरले जाते. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि त्यातील क्लोराइड आयन पत्र्यावरील संरक्षक थर भेदतात. कोकण किनाऱ्यावरील खारट वारा खिडक्यांच्या गजांवर जे कार्य करतो, तेच हे रस्त्यावरील मीठ गाडीच्या तळाशी करते. दुसरी बाब गंजाच्या आकारमानासंबंधीची आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. त्यामुळे सांध्यात शिरलेला गंज फुगून दोन पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो आणि त्यातून अधिक पाण्याला वाट मिळते. अॅल्युमिनियमचा ऑक्साइड पृष्ठभागाला चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व ठिसूळ असल्याने रक्षण न करता उलट ओलावा धरून ठेवतो.

४. वाहनाची रचना आणि गंजाची स्थाने

मालमोटारीत स्वतंत्र लोखंडी चौकट असते व तिच्यावर वरचा सांगाडा ठेवलेला असतो. 'टाइप २' मध्ये अशी स्वतंत्र चौकट नाही. तळाखाली लांबीच्या दिशेने जाणारे दांडे, त्यांपासून बाजूंना निघणारे आडवे आधार, तळाचा पत्रा, दारांखालील उंबरठ्यासारखे पोकळ भाग, ज्यांना 'सिल' म्हटले जाते, आणि बाजूच्या भिंती हे सर्व एकमेकांस वेल्डिंगने जोडून एकसंध रचना तयार केलेली असते. प्रत्येक भाग कमी-अधिक प्रमाणात भार वाहतो. सिल हा बाहेरून केवळ दाराखालची पट्टी वाटतो. प्रत्यक्षात तो आतील, मधला व बाहेरील अशा थरांनी बनलेला असून वाहनाला वाकण्यापासून रोखणारा प्रमुख घटक आहे. छत कापून उचलते छत बसविलेल्या व्हॅनमध्ये वरच्या भागाची ताकद कमी होते. साहजिकच तळाच्या भागांवरील जबाबदारी आणखी वाढते.

गंजाची नेहमीची स्थाने या रचनेवरून आधीच सांगता येतात. समोरच्या काचेच्या रबराखालील कोपरे, छताच्या कडेची पन्हळ, चाकांच्या कमानी, सिल, जॅक लावण्याच्या जागा, दारांच्या खालच्या कडा, मागचे कोपरे आणि इंजिनकक्षातील बॅटरीचा तळ ही ती स्थाने होत. बॅटरीच्या तळाशी आम्लाचाही वाटा असतो. इतर ठिकाणी समान सूत्र एकच आहे : पाणी आत जाण्यास वाट आहे, बाहेर पडण्यास नाही.

कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत या यादीत एक विशेष भर पडते. साध्या मालवाहू व्हॅनला पाणी केवळ बाहेरून मिळते. कॅम्परला ते आतूनही मिळते. ब्यूटेन किंवा प्रोपेन वायू जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. रासायनिक समीकरणावरून हिशेब केल्यास १ किलोग्रॅम वायू पूर्णपणे जळला असता दीड किलोग्रॅमहून अधिक पाणी तयार होते. त्यात झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्पाची भर पडते. रात्रभरात एका व्यक्तीमागे ते सुमारे पाव लिटर भरते. हे बाष्प थंड पत्र्यावर, लाकडी आवरणामागे दडलेल्या पृष्ठभागावर जाऊन साचते. तेथे काचलोकरीसारखे उष्णतारोधक भरलेले असल्यास ते ओल्या बोळ्याप्रमाणे पत्र्याला चिकटून राहते. शिवाय खिडक्या, छत व हवेची जाळी बसविताना कापलेल्या पत्र्याच्या कडा नीट रंगविलेल्या नसतील, तर गंजाची सुरुवात तेथूनच होते. तात्पर्य, कॅम्परमधील गंजाचा मोठा हिस्सा फर्निचरमागे असतो आणि बाहेरून तो दिसू लागेपर्यंत आतील पत्रा बराच कमकुवत झालेला असतो.

५. परीक्षण आणि वर्गीकरण

दुरुस्तीपूर्वी वाहन रिकामे करणे हा परीक्षणाचा पहिला टप्पा आहे. कपाटे, तळाची फळी, भिंतींची आवरणे व उष्णतारोधक काढल्याशिवाय केलेले परीक्षण अपुरे ठरते. त्यानंतर चुंबक, लहान हातोडी आणि टोच्या एवढ्या साध्या साधनांनी पुष्कळ माहिती मिळते. जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही. त्यामुळे पूर्वी भरून रंगविलेली भोके सापडतात. हातोडीने हलकेच ठोकले असता निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज देतो. टोच्या दाबल्यावर पत्रा दबला किंवा आरपार गेला, तर त्या भागाचा निकाल लागलाच. सिलसारख्या पोकळ भागांत बारीक नळीचा कॅमेरा सरकवून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आतील स्थिती पाहता येते.

या परीक्षणातून गंजाचे तीन प्रकार वेगळे करावेत. पहिला पृष्ठगंज : रंगाखाली पसरलेला, परंतु पत्र्याची जाडी शाबूत असलेला. दुसरा खड्ड्यांचा गंज : पत्रा टिकून आहे, पण जागोजागी पातळ झालेला. तिसरा आरपार गंज : पत्रा फुटलेला किंवा पापुद्र्यांत सुटलेला. मात्र एवढ्याने निर्णय होत नाही. तो भाग भारवाहक आहे की केवळ आवरण, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दाराच्या बाहेरील पत्र्यावरील खड्डे घासून, रसायनाने निष्क्रिय करून व रंगवून चालू शकतात. तेच खड्डे आसनपट्टा जेथे जोडला आहे त्या जागेभोवती असतील, तर तो पत्रा कापून बदलणेच योग्य होय. अपघाताच्या क्षणी आसनपट्टा माणसाला धरून ठेवतो. पण पट्ट्याला पत्राच धरून ठेवतो, हे विसरता कामा नये.

६. पूर्वतयारी आणि सुरक्षितता

घराच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये हे काम करताना कारखान्यातील शिस्त आपोआप लाभत नाही. ती मुद्दाम पाळावी लागते. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. गाडी भक्कम स्टँडवर, समतल जमिनीवर ठेवावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि स्वयंपाकाच्या वायूचा सिलिंडर कामाच्या जागेपासून दूर न्यावेत. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज घातक आहे. पेट्रोलची वाफच अधिक स्फोटक असते. तळाला लावलेले डांबरी आवरण व आतील कापड ठिणगीने पेट घेतात आणि ती आग पत्र्याच्या पलीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूला धुमसत राहू शकते. म्हणून अग्निशामक जवळ असावा आणि काम संपल्यावरही काही काळ वाहनाजवळ थांबावे.

न दिसणारे धोकेही आहेत. त्या काळातील रंगांत शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि योग्य दर्जाचा श्वसन-मुखवटा वापरावा. जस्ताचा थर जाळल्यास निघणाऱ्या धुराने ज्वर येतो. क्लोरीनयुक्त द्रावणाने, उदाहरणार्थ काही प्रकारच्या ब्रेक क्लीनरने, पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतो. आयसोसायनेटयुक्त दोन घटकांचे रंग फवारण्यासाठी स्वतंत्र शुद्ध हवेचा पुरवठा असलेला मुखवटा लागतो. हा पुरवठा घरी सहसा उपलब्ध नसल्याने असे रंगकाम व्यावसायिकाकडे सोपविणे शहाणपणाचे ठरते.

७. कापणे आणि जोडणे

गंज कापताना 'दिसतो तेवढाच' कापण्याचा मोह टाळावा. निरोगी, चकचकीत धातू लागेपर्यंत कापत जावे. पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही; उष्णतेने ती विरघळून भोक मोठे होते. अंगणात प्रथमच वेल्डिंग करणाऱ्याला आपला हात चुकत आहे असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा पत्राच संपलेला असतो.

सिलसारखा भारवाहक भाग काढण्यापूर्वी दाराच्या चौकटीत तात्पुरते लोखंडी आधार जोडावेत, दाराभोवतीच्या फटींची मापे नोंदवावीत आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापल्यास वाहन मध्यभागी खचते. त्या अवस्थेत नवा सिल जोडला, तर खचलेला आकार कायमचा होतो आणि दार पुन्हा नीट बसत नाही.

बदली भाग तयार मिळतात. लहान ठिगळ मात्र घरी करता येते. त्यासाठी मूळ पत्र्याच्या जाडीचा मृदू पोलादाचा पत्रा घ्यावा. बाह्य आवरणासाठी साधारणतः ०.८ ते १ मिलिमीटर, तर तळाच्या भारवाहक भागांसाठी त्याहून जाड पत्रा लागतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो पत्र्यावर उतरवावा आणि ठिगळाचे कोपरे गोलाकार ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो.

ठिगळ मूळ पत्र्यावर चढवून जोडावे की कडेला कड भिडवून जोडावे, हा नेहमीचा प्रश्न आहे. चढवून जोडणे सोपे असते. परंतु दोन पत्र्यांमध्ये एक अरुंद फट राहते, आणि इव्हान्स यांच्या सिद्धान्तानुसार ऑक्सिजन कमी असलेली हीच फट पुढील गंजाचे बीज ठरते. म्हणून शक्य तेथे कडेला कड भिडवावी. जेथे चढवून जोडणे अपरिहार्य असेल, तेथे दोन्ही पृष्ठभागांना वेल्डिंगला चालणारा जस्तयुक्त प्राइमर लावावा, वेल्डिंगच्या नेमक्या रेषेवरील थर खरवडून काढावा आणि शेवटी फट सीलरने बंद करावी.

पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डिंग, ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड वायूचे मिश्रण ही व्यवस्था सोयीची असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ ओढल्यास उष्णतेने पत्रा वाकडातिकडा होतो. त्याऐवजी काही सेंटिमीटर अंतरावर टाके मारावेत, समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून काम करावे, प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा आणि हळूहळू मधली अंतरे भरून सांधा सलग करावा. अखेरीस सांधा सलग असणे मात्र आवश्यक आहे. चार टाक्यांवर अडकविलेले ठिगळ पाणीही रोखत नाही आणि भारही पेलत नाही. सांधा दोन्ही बाजूंनी तपासावा. वरून सुबक दिसणारा, पण खालच्या पत्र्यात न भिनलेला टाका सर्वांत फसवा असतो.

८. पुट्टी, प्राइमर आणि रंग

पुट्टीविषयी पराकोटीची मते आढळतात. काहींना ती सर्व रोगांवरचे औषध वाटते, तर काहींना निव्वळ लबाडी. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते आणि तिला स्वतःची रचनात्मक ताकद नाही. म्हणून भोक बुजविण्यासाठी किंवा गंजावर ती वापरणे सर्वथा अयोग्य होय. परंतु नीट जोडलेल्या, स्वच्छ धातूवरील किरकोळ उंचसखलपणा समतल करण्यासाठी तिचा पातळ थर देणे हे मान्यताप्राप्त काम आहे.

जे खड्डे कापण्याइतके खोल नाहीत, तेथे तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटा गंज काढून गंजरूपांतरक लावतात. फॉस्फरिक आम्लामुळे लोहाचे फॉस्फेट तयार होते; टॅनिक आम्लामुळे निळसर काळे लोह-टॅनेट तयार होते. हिरड्याच्या काढ्यात लोहक्षार मिसळल्यावर येणारा काळा रंग याच जातीच्या अभिक्रियेतून निर्माण होतो. तथापि हे रसायन पोहोचते तेवढ्याच गंजाचे रूपांतर करते; जाड पापुद्र्याखाली ते शिरत नाही. घासण्याला तो पर्याय नव्हे.

स्वच्छ धातूवर प्रथम इपॉक्सी प्राइमर, मग सांध्यांवर सीलर, त्यानंतर समतल करणारा प्राइमर आणि शेवटी रंग, हा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो. साधा समतल करणारा प्राइमर सच्छिद्र असतो. तो लावून गाडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवल्यास त्याखाली पुन्हा गंज धरतो. रंगकामाच्या वेळी पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, हा औद्योगिक रंगकामातील संकेत घरीही पाळण्याजोगा आहे. अन्यथा डोळ्यांना न दिसणारे दव रंगाखाली बंदिस्त होते.

९. आतील ओलाव्याचे नियंत्रण

पुष्कळ दुरुस्त्या रंगकामापाशी संपतात आणि म्हणूनच काही वर्षांत पुन्हा कराव्या लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागील बाजूचे संरक्षण जळून गेलेले असते. सिलच्या आतील बाजूला ब्रश पोहोचत नाही. यास्तव रंग पूर्ण वाळल्यावर पोकळ भागांत लांब नळीने विशिष्ट प्रकारचे मेण फवारले जाते. ते फटींत झिरपते व लवचीक राहते. मेण वेल्डिंगपूर्वी कधीही भरू नये, कारण ते पेट घेते. पाणी बाहेर पडण्याची मूळ छिद्रे मेणाने किंवा सीलरने बुजणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

यानंतर पाण्याची वाट शोधणे आवश्यक आहे. काचांचे कडक झालेले रबर बदलणे, पन्हळीतील भेगा भरणे, दारांच्या तळाची छिद्रे मोकळी करणे ही कामे स्वस्त, पण निर्णायक आहेत. फर्निचर परत बसविताना ओलावा धरून ठेवणारी काचलोकर टाळून बंद पेशींचे उष्णतारोधक वापरावे आणि स्वयंपाक करताना, झोपताना हवा खेळती ठेवावी. हवा खेळती ठेवणे हे पत्र्याइतकेच माणसांच्याही हिताचे आहे, कारण बंद जागेत शेगडी जळताना कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

१०. कायदा आणि जतन

ब्रिटनमधील वार्षिक वाहन-तपासणीत सुकाणू, ब्रेक, निलंबन व आसनपट्टे यांच्या जोडणीस्थानांपासून ३० सेंटिमीटरच्या आतील भारवाहक पत्र्याला विशेष महत्त्व दिलेले आहे. या क्षेत्रातील तीव्र गंज हे नापास होण्याचे कारण ठरते आणि तेथील दुरुस्ती पुट्टी किंवा डिंकासारख्या पदार्थांनी केलेली चालत नाही. मात्र मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मोठे फेरफार न केलेल्या वाहनांना या वार्षिक तपासणीतून सूट देण्यात आली. वाहन रस्त्यावर चालविण्यायोग्य ठेवण्याची मालकाची जबाबदारी या सुटीने संपत नाही. उलट, बाहेरचा परीक्षक नसल्याने मालकाच्या स्वतःच्या सचोटीवर अधिक भार येतो. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या व सुस्थितीत जतन केलेल्या वाहनांसाठी १९९७ पासून विशेष नोंदणी-क्रमांकाची व्यवस्था आहे. तेथे मूळ स्वरूप टिकविण्यावर भर असतो.

येथे जतनशास्त्रातील एक जुना प्रश्न उपस्थित होतो. गंजलेला भाग किती बदलावा? जितका अधिक बदलू, तितकी सुरक्षितता वाढते, पण मूळ वस्तू कमी होते. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत, वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, कमीत कमी हस्तक्षेप आणि केलेल्या कामाची नोंद या तत्त्वांना महत्त्व दिलेले आढळते. घरगुती दुरुस्ती करणाऱ्यालाही हे तत्त्व उपयुक्त आहे. कोणता भाग कापला, कोणता पत्रा घातला, आत काय फवारले याची छायाचित्रांसह नोंद ठेवल्यास पुढच्या मालकाला वाहनाचे खरे आरोग्य कळते. पुट्टी व चकचकीत रंग यांखाली कुजका सिल दडवून वाहन विकणे हा व्यवहारातील अप्रामाणिकपणा तर आहेच, परंतु त्याची किंमत एखाद्या अनोळखी कुटुंबाला प्रवासात मोजावी लागू शकते.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) कॅम्पर व्हॅनमध्ये बाहेरील पावसाइतकाच आतील बाष्पाचा वाटा गंजात असू शकतो. म्हणून फर्निचर काढल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही.
(२) गंजाची तीव्रता आणि त्या भागाचे भारवाहक महत्त्व या दोन्ही कसोट्या एकत्र लावूनच दुरुस्तीचा निर्णय घ्यावा.
(३) फटी निर्माण करणारी दुरुस्ती पुढील गंजाची तयारी करते. सलग सांधा, सीलर व पोकळीतील मेण हे दुरुस्तीचे ऐच्छिक नव्हे, तर अविभाज्य भाग आहेत.
(४) बाह्य आवरणाचे काम अभ्यासाने घरी साधते. आसनपट्टे, निलंबन व सुकाणू यांच्या जोडणीजवळील वेल्डिंग मात्र अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे, किंवा किमान तपासून घ्यावे.
(५) कायद्याने तपासणीतून सूट दिली तरी वाहनमालकाने दर काही काळाने स्वेच्छेने तपासणी करून घेणे श्रेयस्कर होय.

लोखंडाची खनिजरूपाकडे परतण्याची ओढ कायमची थांबविता येत नाही. ती लांबविता येते. आपल्या परंपरेतील कारागीर विळा वा कुदळ वापरून झाल्यावर ती पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतो. त्यामागील दृष्टी आणि सिलमध्ये मेण फवारणाऱ्या हौशी माणसाची दृष्टी एकच आहे. दुरुस्ती ही एकदा करून संपणारी कृती नसून धातूशी ठेवलेला नित्याचा व्यवहार आहे, एवढे ध्यानात घेतले तर पन्नास वर्षांची व्हॅन आणखी एक पिढी सुखरूप धावू शकेल.